न घेतलेलं पाणी

नदीची तब्येत बिघडली की गावात सगळ्यात आधी मला कळतं, कारण मी लाँड्री चालवते. उन्हाळा तापायला लागला की साबणाला फेस येईनासा होतो, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरीवर वाळल्यानंतर पुसट रेघ उमटते आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे असं बघतात, जणू मीच पहाटे उठून नदीत मीठ कालवून आले.

अशा वेळी मी तो शर्ट घेऊन जिना चढते आणि वहिनीच्या नाकासमोर धरते. लाँड्रीच्या वरच्याच मजल्यावर माझा भाऊ आणि वहिनी राहतात. भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतो. वहिनी सरकारी नदी कचेरीत आहे. नदीचं पाणी खारट का होतं, खार कमी करायला काय काय करता येईल आणि त्यातलं आधी काय करायचं, हे ठरवणाऱ्या टेबलावर ती बसते. गावात तिला तिच्या नावाने कोणी ओळखत नाही. 'मिठाच्या बाई कुठे राहतात' विचारलं की लोक सरळ आमचं दार दाखवतात.

तर मी शर्ट धरते. वहिनी चष्मा वर सरकवते, कॉलरीला जीभ लावते आणि म्हणते, गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे. गिऱ्हाइकाच्या शर्टाला जीभ लावणारी बाई माझ्या भावाने कुठून शोधून आणली, हे मला आजवर कळलेलं नाही. पण खरं सांगायचं तर तिच्यावाचून माझं पानही हलत नाही.

तिला चवीचं वेडच आहे. त्यांच्या फ्रिजच्या दारात पाण्याच्या बाटल्यांची रांग असते आणि प्रत्येकीवर चिठ्ठी असते, कुठल्या वळणावरचं पाणी, कुठल्या महिन्यातलं. एकदा भावाने तहानेच्या भरात त्यातली एक रिकामी केली. मग तो बेसिनपाशी बराच वेळ उभा राहिला. वहिनीला त्याच्यापेक्षा बाटलीचं जास्त वाईट वाटलं.

मला वाटायचं, यात एवढं डोकं काय चालवायचंय? गावाच्या पाणीपुरवठ्याला एक मोठं यंत्र बसवा, मीठ गाळा, मोकळे व्हा. वहिनीने मला माझ्याच दुकानातल्या टबापाशी उभं केलं. म्हणाली, वरून मळकं पाणी सुरूच आहे आणि तू खाली बसून एकेक रुमाल पिळतेयस, तसं आहे हे. मग तिने नीट सांगितलं. आमच्या या सगळ्या जमिनीखाली फार जुना खार आहे, कुठल्या तरी काळी इथे समुद्र होता त्याचा. तो आपला खाली गप पडून असतो. वरून शेताला पाणी जास्त झालं की ते खोल मुरतं, खालचं खारं पाणी फुगतं आणि जागा मिळेल तिथून नदीत ढकललं जातं. म्हणजे नदीत मीठ कोणी टाकत नाही. जास्तीचं पाणी ते ढकलत आणतं.

यावर तिचा स्वतःचा एक उपाय होता. गावाच्या अलीकडे नदी मोठं वळण घेते. तिथे काठाकाठाने बोअर पाडायचे, खारं पाणी नदीला पोचायच्या आतच मोटरीने उपसायचं आणि दूर पडीक जमिनीवरच्या उथळ तळ्यात सोडून द्यायचं. ऊन ते पाणी पिऊन टाकेल, मीठ तिथेच राहील. या बोअरच्या नकाशावर तिने कित्येक वर्षं घालवली होती. तिच्या कचेरीतल्या लांब टेबलावर काचेखाली नदीचा नकाशा आहे. त्यावर वळणापाशी इतक्या टाचण्या टोचल्यात की तिथला कागद उचलून आलाय. भाऊ त्याच्या चार वाक्यांतलं एखादं खर्चून म्हणायचा, आम्हाला दोन मुली आणि एक वळण. मुली शिकायला बाहेरगावी असतात, वळण मात्र कायम घरात.

आता तिच्या दादाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन अडलं.

वहिनीचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला, पुलाच्याही पलीकडे. तिथे तिच्या वडिलांनी लावलेली संत्र्यांची बाग आहे. आईवडील लवकर गेले आणि हिला वाढवलं ते थोरल्या भावाने. सगळे त्यांना दादाच म्हणतात, आम्हीही. स्वतःची शाळा सोडून त्यांनी बाग धरली आणि बहिणीला शिकवलं. तिच्या परीक्षेच्या वेळी ते बाहेर कट्ट्यावर बसून राहायचे आणि पेपर सुटला की पहिला प्रश्न विचारायचे, शाई पुरली का. आता त्यांनी सत्तरी ओलांडलीय. दर रविवारी आम्ही तिघं माझ्या लाँड्रीच्या गाडीतून त्यांच्याकडे जेवायला जातो. वहिनी नदीच्या पोटातलं सगळं जाणते, पण गाडी चालवायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून सारथी मी.

या बागांची एक जुनी रीत आहे. पाटाचं पाणी पाळीपाळीने येतं. ज्याची पाळी, त्याने आपल्या हद्दीतलं गेट उघडून बागेत पाणी घ्यायचं. घेतलं नाही तर ते पुढे निघून जातं, त्याचं काही परत मिळत नाही. वर त्या कुटुंबाला पाण्याची गरज नाही असं लोक धरून चालतात. त्यामुळे झाडांना हवं असो नसो, पाळी कोणी सोडत नाही. मी दादांना भर पावसात रेनकोट घालून बागेत पाणी सोडताना पाहिलंय. वरून आभाळ ओततंय, खालून पाट ओततोय, आणि मध्ये दादा खोऱ्याने माती ओढत समाधानाने उभे. आम्ही ओसरीवर बसून भजी खावीत तशी संत्री खात होतो आणि वहिनी कौतुकाने म्हणत होती, आमचा दादा कामाला वाघ आहे. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि तिला त्यात खार दिसला नाही. घरच्या माणसाकडे कोण त्या नजरेने बघतं?

नदीतला खार नेमका कुठून शिरतो हे शोधायची त्यांची एक पद्धत आहे. वरच्या धरणातून पाणी सोडणं काही दिवस बंद असतं आणि नदी संथ असते, तेव्हा होडीतून खाली खाली यायचं आणि ठरावीक अंतरावर पाण्यात मोजायचं यंत्र बुडवायचं. आकडा एकदम वाढला की समजायचं, इथे काठातून खारं पाणी झिरपतंय. ही फेरी वहिनी दर उन्हाळ्यात करायची आणि दर वेळी होडी पुलाच्या धक्क्यावरून सोडायची. होडी घेऊन पुलाच्या वर ती कधी गेलीच नाही. तिथे मोजायची गरजच नव्हती, तिथलं पाणी गोड होतं. हे तिला कोणी सांगितलं? कोणी नाही. ते पाणी पीत ती लहानाची मोठी झाली होती.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात पुलाच्या धक्क्याची दुरुस्ती निघाली. होडी सोडायला जागा नव्हती म्हणून ती वर बागांपाशी नेली. दादांनी स्वतः हात लावून ती पाण्यात ढकलली. मी त्या दिवशी गाडी घेऊन पुलाखाली वाट बघत होते. होडी आली. वहिनी उतरली आणि आकड्यांची वही उघडी तशीच धरून गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली, पुन्हा मोजून आली. संध्याकाळी दुकानात येऊन माझ्या हातातली इस्त्री घेतली आणि उशांचे अभ्रे करायला बसली. डोक्यात काही घोळत असलं की ती असं करते. इस्त्री तिला अजिबात जमत नाही. मी मागाहून सगळं परत करते आणि तिला सांगत नाही.

तीन-चार अभ्रे खराब केल्यावर ती म्हणाली, "वळणावर खार निघतो तो थोडा. खरा मोठा वाटा पुलाच्या वर शिरतो. आमच्या बागांच्या खालून. पुलापाशीचा आकडा मी आजवर नदीचा मूळचाच धरत आले."

मी म्हटलं, "मग बोअर तिकडे पाड."

"पाडीन. पण वरून पाणी मुरतच राहिलं तर ते बोअर जन्मभर उपसत बसतील. आधी पाणी कमी घ्यायला हवं. म्हणजे पाळी सोडायला हवी." तिने इस्त्री उभी केली. "आणि हे दादाला मी सांगायचं."

मी तिला बराच वेळ समजावलं. म्हटलं, वळणाचं काम जवळजवळ ठरलंय, सगळ्यांचं एकमत आहे, त्यानेही खार थोडा कमी होणारच आहे. होऊ दे ते. बाकीचं पुढे कोणीतरी शोधून काढेल. मी स्वार्थीपणानेच बोलत होते. मला आमचे रविवार हवे होते. वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्ही गिऱ्हाइकाचा डाग आत दुमडून घडी घालता का?" ती मला एरवी अगंतुगं करते. वन्सं आणि तुम्ही म्हणाली की समजायचं, पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कचेरीत तिच्या मोठ्या साहेबांनी हात टेकले. भला माणूस, पण निवृत्तीला आलेला. त्यांचं म्हणणं, बाई, वळणाचा आराखडा तुमचा, तो मंजूर होत असताना तुम्हीच त्याला खाली ओढताय. पण आकडे समोर होते आणि ते त्यांनाही दिसत होते. सगळ्या उपायांची पुन्हा तुलना झाली. धरणातून गोडं पाणी सोडून नदी धुऊन काढणं, गावाला यंत्र बसवणं, वळणावरचे बोअर, बागांपाशी थोडे बोअर, आणि पाटाच्या पाण्याचा नियम बदलणं. कशाने किती खार कमी होईल, ते किती काळ टिकेल आणि त्याचा त्रास कोणाला होईल, यावर रोज वाद. वहिनीने नव्या नियमाची एक युक्ती काढली. पाळी घेतली नाही तर ते पाणी बुडू द्यायचं नाही. पाटातलं पुढे जाईल, पण तेवढंच पाणी धरणात त्याच बागेच्या नावावर शिल्लक राहील आणि ऐन उन्हात झाडं तहानलेली असतील तेव्हा मागून घेता येईल. ही युक्ती सगळ्यांना पटली. वळण मागे पडलं. त्या दिवशी घरी येऊन ती जरा रडली. मग म्हणाली, बरं झालं, त्या टाचण्या आता दुसरीकडे वापरता येतील.

बागवाल्यांची सभा संत्री भरायच्या मोठ्या शेडमध्ये झाली. रिकाम्या क्रेट उलट्या घालून लोक बसले होते. अध्यक्ष अर्थातच दादा. साहेब म्हणाले, मी बोलतो. वहिनी नको म्हणाली. ती उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला सांगून मोकळी झाली, की गावाच्या पाण्यातला खार बहुतेक या बागांच्या खालून येतो आणि सगळ्यात जास्त आकडा आमच्या बागेच्या काठाला आहे. तिने 'आमच्या' म्हटलं. मागून कोणीतरी ओरडलं, खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतं. विषयच मिठाचा असल्यामुळे शेडमध्ये हसू फुटलं, वहिनीही हसली. दादा तेवढे हसले नाहीत.

ते म्हणाले, "बाबांच्या झाडांमुळे नदी नासली म्हणतेस?"

"झाडांमुळे नाही, दादा. झाडांना लागत नाही त्या पाण्यामुळे."

"आणि लागतं किती ते तुझी कचेरी ठरवणार."

"नाही. तूच ठरव. मी फक्त एवढं म्हणते, नको असेल तेव्हा घेऊ नकोस. तुझं पाणी तुझंच राहील."

दादांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि सभा संपल्याचं सांगितलं. बाहेर पडताना त्यांनी साहेबांना नमस्कार केला, मला गाडी सावकाश चालवायला सांगितलं आणि बहिणीकडे न बघता निघून गेले.

पुढचे रविवार आम्ही घरीच जेवलो. भाऊ भाजी निवडायला बसायचा, मी उगाच बडबड करायची, आणि वहिनी दर वेळी दोन माणसांचा स्वयंपाक जास्त करायची, कारण रविवारी दादांकडे सगळ्यांचं रांधायची हाताला सवय होती. तिने फोन केला की दादांची बायको उचलायची आणि म्हणायची, बागेत आहेत. तिच्या आवाजावरून कळायचं की ते शेजारीच बसलेत. मी चिडून म्हणायची, एवढं पाण्यात पाहायला काय झालं, बहीण आहे ती. वहिनी त्यांची बाजू घ्यायची. म्हणायची, त्याने आयुष्यभर एकही पाळी चुकवली नाही, तापातसुद्धा उठून गेलाय. मी त्याला सांगितलं की तू जे इमानाने केलंस त्यानेच नदी बिघडली. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?

तिला नोकरीची फिकीर नव्हती की वळणाची. तिला फक्त दादा हवा होता, आणि तो परत मिळेल की नाही हे कुठल्याही यंत्रात बुडवून कळण्यासारखं नव्हतं.

नियम मात्र हळूहळू मंजूर झाला. धरणात आपल्या नावाचं पाणी साठून राहणार म्हटल्यावर तरुण बागवाले आधी वळले, मग बाकीचे. सह्या झाल्या. दादांनीही सही केली, पण अध्यक्ष म्हणून सगळ्यांच्या नंतर. त्यांच्या मनात काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं.

हिवाळा सरता सरता एका सकाळी वहिनीला दादांच्या बायकोचा फोन आला. पहिल्यांदाच तिने आपणहून केला होता. म्हणाली, दोन दिवस चांगला पाऊस झालाय, झाडं गारेगार आहेत, आणि आज ह्यांची पाळी आहे. सकाळपासून गेटपाशी बसलेत. उघडतही नाहीत आणि उठतही नाहीत. चहा नेला तर तसाच गार झालाय. तू ये बाई.

मी गिऱ्हाइकांचे गठ्ठे गाडीतच ठेवून तशीच निघाले. पूल ओलांडेपर्यंत मी ब्रेक मारला की शेजारी वहिनीही पायाने ब्रेक मारत होती.

दादा पाटाच्या भिंतीवर बसले होते. गेटचं चाक त्यांच्या गुडघ्याला लागत होतं आणि एक हात चाकावर होता. समोरून पाणी काठोकाठ भरून चाललं होतं, लाल, भराभर, त्यांच्या बागेला बगल देऊन. वहिनी जाऊन शेजारी बसली. दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण सरकून जागा दिली. मी जरा मागे थांबले. मग दादांनीच विचारलं.

"आज हे नाही घेतलं, तर नदीतला खार कधी कमी होईल?"

मला वाटलं, आता सांगेल एखादं गोड उत्तर. तेवढं खोटं कोणीही माफ केलं असतं.

"लगेच नाही, दादा," वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांचं मुरलेलं पाणी खाली आहे. ते सरकत सरकत नदीत जाणारच. बोअरने थोडं अडवू. पण खरा फरक दिसायला पंधरा-वीस वर्षं जातील."

दादा हिशेब करत असावेत. बोटं चाकावर एकेक हलत होती.

"म्हणजे मला ते पाणी प्यायला मिळायचं नाही."

"नाही," वहिनी म्हणाली. तिने चाकावरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि शाळकरी मुलीसारखी रडली. दादांनी तिला रडू दिलं. मलाही राहवेना, मी पाण्याकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, "मग बस इथे. एकट्याला बघवत नाही गं हे जाताना. जाऊन होईपर्यंत बस."

ती बसली. मी गाडीतून एक चादर आणून भिंतीवर अंथरली. ती गिऱ्हाइकाची होती आणि मला पुन्हा धुवावी लागली, पण ते जाऊ दे. दादांच्या बायकोने गरम चहा आणला आणि या वेळी तो प्यायला गेला. दोघं बहीणभाऊ पाय खाली सोडून बसले होते, दादा मधूनच एखादं झाड दाखवून काही सांगत होते, आणि पाणी समोरून जात होतं. त्या सकाळी मला इतकं बरं वाटत होतं की दुकान उघडायचं राहिलंय याचीही आठवण झाली नाही.

दुपारी पुढचा बागवाला आपली पाळी घ्यायला आला. त्याने बागेत जाणारी रिकामी चारी पाहिली, बंद गेट पाहिलं आणि तो थबकलाच. त्याच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. त्याने जरा घाबरतच विचारलं, दादा, तब्येत बरी आहे ना, पाणी घेतलं नाहीत आज?

दादा भिंतीवरून उतरले, धोतर झटकलं आणि बहिणीला उतरायला हात दिला.

"नको होतं झाडांना," ते म्हणाले, आणि आम्हाला जेवायला घेऊन गेले.